हात वर असेपर्यंत

आमच्या वस्तीत बैठकीचा एकच कायदा होता आणि तो कुठं लिहून ठेवलेला नव्हता. कुणाचा हात वर असेल तोवर काही ठरत नसे. बोलणारा कितीही रंगात आलेला असो, समोर हात वर गेला की त्यानं थांबायचं आणि त्या हाताकडं वळायचं. हातवाल्यानं तोवर तोंड उघडायचं नाही, मध्ये घुसायचं नाही, ओरडायचं तर मुळीच नाही. नुसता हात वर धरून बसायचं. लोक थांबतातच. त्याचं ऐकून झालं आणि त्यानं आपल्या मर्जीनं हात खाली घेतला, की मग पुढचं बोलणं.

हा कायदा दीक्षा घेऊन आलेल्या पिढीनं केला, माझ्या आजोबांच्या. गावाच्या बैठकीत त्यांना चपलांपाशी उभं राहावं लागे आणि जे ठरेल ते ऐकून घरी यावं लागे. विहार बांधून झाला, फरशीसुद्धा बसली नव्हती, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी हे ठरवलं म्हणतात, की इथं माणसाचं ऐकल्याशिवाय काही ठरणार नाही. कायदा इतका कडक पाळत की हसू यावं. हातपंप कुठं बसवायचा यावर एकदा घमासान चाललं होतं आणि एक म्हातारी हात वर करून बसली. सगळे गप्प. "बोल ना वं बुढे," कुणी तरी म्हणालं. म्हातारी म्हणाली, "मले काई म्हणायचं नाई बापा, खांदा आखडला." तरीही दोघींनी तिचा खांदा चोळून हात खाली आणेपर्यंत हातपंप ठरला नाही.

त्या बैठकांमध्ये माझी आई दाराजवळ बसायची, कारण तिला मध्येच उठून घरची भाजी हलवून यावं लागायचं. ती एमआयडीसीत काम करणाऱ्या एकट्या पोरांचे डबे करायची. शिक्षण सातवी. बोलणं कमी. पण तिची नजर सगळ्या सतरंजीवर फिरत असायची. कोपऱ्यातल्या एखाद्या नव्या सुनेनं लाजत लाजत अर्धा हात वर केला आणि बोलणाऱ्याचं लक्ष गेलं नाही, की आई म्हणायची, "थांबा गा, तिकडं हात आहे." एवढंच. लहानपणी मला वाटायचं, माझ्या आईला हे एकच वाक्य येतं. शाळेतल्या मैत्रिणी मला तेच म्हणून चिडवायच्या आणि मी त्यांच्या वेण्या ओढायचे. मला राग लवकर येतो. आईकडून तो नक्की आलेला नाही.

वस्ती नागपूरच्या कडेला आहे. बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यात होते, कंपनीच्या बसनं जायचे, बसनं यायचे. मी लग्न होऊन शहरात, नंदनवन भागात आले, एका पतपेढीत नोकरीला लागले, पण दर रविवारी माहेरी जाते. आमचं गाव तोवर गाव राहिलं नव्हतं. प्लॉट पडले, फ्लॅट आले आणि ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. फलक बदलला, माणसं मात्र तीच राहिली. म्हणजे भाऊ.

भाऊंचे आजोबा सरपंच होते, वडील सभापती होते आणि स्वतः भाऊ बसले नाहीत अशी एकही खुर्ची आमच्या भागात नव्हती. नगराध्यक्षपद महिलेसाठी सुटलं तर त्यांची सून नगराध्यक्ष. दूध संघावर भाचा, सोसायटीवर साडू. आरक्षण कसंही सुटो, त्या मापाचं माणूस त्यांच्या घरात शिवून तयार असायचं. फक्त आमचा वॉर्ड अनुसूचित जातीच्या महिलेसाठी सुटला आणि तिथं त्यांच्या घरातलं माप बसेना. म्हणून एका सकाळी भाऊ विहारात आले.

आले ते चांगले आले, खोटं कशाला बोलू. चपला बाहेर काढल्या, सतरंजीवर मांडी घातली, कुणी खुर्ची आणायला धावलं तर त्याला हातानं बसवलं. म्हणाले, "तुमच्यातलीच बाई पाहिजे. कोण ते तुम्ही सांगा, तिकिटाचं मी पाहतो." सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. आई तेव्हा भाजी हलवायला गेली होती.

ती परत आली तेव्हा तिचं नाव ठरत आलं होतं आणि एक हात वर होता. तो समोरच्या मावशीचा. आमच्या दारासमोरच तिचं दार, आईची ती सगळ्यात जवळची मैत्रीण. दोघींनी मिळून एकमेकींच्या पोरी वाढवल्या. बैठक थांबली. मावशी आईकडं बघून म्हणाली, "बाई, तू निवडून येशील. पण मग तू आमची राहशील का त्याईची?" भाऊ समोर बसलेले असताना हे विचारायला छाती लागते. भाऊ हसले. आई हसली नाही. ती उंबऱ्यातच उभी होती, हाताला हळद लागलेली. म्हणाली, "आपल्या वस्तीच्या विरोधात तिथं काई आलं ना, तर मी हात वर करीन. अन् माहा हात वर असंपर्यंत ते होणार नाई." मावशीनं हात खाली घेतला. आई त्याच एका वाक्यावर उभी राहिली आणि त्यावरच निवडून आली.

निकालाच्या दिवशी निळ्या गुलालानं तिचे केस, कान, पापण्या सगळं निळं झालं होतं. बाबांना चेष्टेची भारी हौस. त्यांनी दारात उभं राहून हात जोडले. "नगरसेविका मॅडम, चहा भेटंन का, का अर्ज करावा लागंन?" आईनं त्यांच्या डोक्यावर उरलेला गुलाल घातला. मी तिला जरीपटक्याच्या बाजारात नेऊन दोन सुती साड्या घेऊन दिल्या, एक पांढरी, निळ्या काठाची. दुकानदारानं विचारलं, लग्नाला का? मी म्हटलं, सभेला. ते म्हणताना माझी मान अशी काही ताठ झाली होती, की आज आठवलं तरी जीव कळवळतो.

सुरुवातीचे महिने आईनं काय केलं, तर सभेची विषयपत्रिका घरी आली की ती विहारात न्यायची. एक जण मोठ्यानं वाचायचा, बाकीच्या हात वर करायच्या. नालीचा विषय, दिव्यांचा विषय, कचरागाडीचा विषय. प्रत्येकीचं म्हणणं ऐकून आई सभेला जायची. नगरपंचायतीच्या विषयपत्रिकेवर बायकांनी लसूण सोलता सोलता चर्चा केली, असं दुसरीकडं कुठं झालं असेल असं मला वाटत नाही. भाऊंच्या कानावर ते गेलं. त्यांनी बोलावून गोड शब्दांत सांगितलं, "ताई, विषय असे बाहेर नेत नसतात. तुमच्यावर विश्वास ठेवून तुम्हाले पाठवलं लोकांनी. आता काहून त्यांना त्रास?" आई घरी येऊन विचारात पडली. "त्रास कसा होईल? त्यायचंच तर काम आहे," ती म्हणाली, आणि पुढची विषयपत्रिका पुन्हा विहारात गेली.

विहाराला लागून मैदान होतं. ग्रामपंचायतीच्या काळापासूनची मोकळी जागा. लग्नाचे मांडव तिथं पडत, उन्हाळ्यात वड्या आणि कुरडया तिथं वाळत, आणि पहाटे पोरी तिथं धावत. पोलीस भरतीचं वेड आमच्या वस्तीत पोरींनी आणलं. समोरच्या मावशीची पोरगी त्यात पहिली. उंच, काटक, वेणी घट्ट बांधलेली. चुन्यानं आखलेल्या गोलावर ती पळायची आणि मावशी ओट्यावर भांडी घासता घासता तिच्याकडं बघत राहायची. वर्दी अंगावर चढली की पोरीला कुणी चपलांपाशी उभं करणार नाही, असा मावशीचा सरळ हिशोब होता. मैदान होतं म्हणून तो हिशोब होता.

ते मैदान भाड्यानं जाणार अशी कुजबुज सुरू झाली. भाऊंच्या घरची शिक्षण संस्था, तिची इंग्रजी शाळा, त्या शाळेच्या बसेस उभ्या करायला जागा हवी होती. विषयपत्रिका आली, विहारात वाचली, त्यात मैदानाचं नावही नव्हतं. सगळ्यांना हायसं वाटलं. तरीही मावशीनं विचारलंच, "अन् मधातच आणलं तं?" आईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी आहो ना तिथं."

त्या सभेला मी रजा काढून गेले. आईला सभागृहात बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून. मागं भिंतीला लागून चार खुर्च्या बघ्यांसाठी असतात, त्यातल्या एकीवर बसले. समोर उंचावर नगराध्यक्ष, म्हणजे भाऊंची सून, बाजूला मुख्याधिकारी. डावीकडं एक दार अर्धवट उघडं होतं आणि आतल्या खोलीत सोफ्यावर भाऊ बसले होते. भाऊ सभासद नव्हते. त्यांना सभागृहात बसता येत नव्हतं म्हणून ते दाराआड बसत. सूनबाई शिकलेल्या, स्वच्छ वाचायच्या. पण प्रत्येक विषय वाचून झाला की त्यांची नजर एकदा त्या दाराकडं जाऊन यायची. मला तेव्हा त्यांचीही कीव आली होती. ती नंतर टिकली नाही.

विषय भराभर चालले होते. वाचलं की चारदोन जण बाकं बडवायचे आणि "मंजूर, मंजूर" म्हणायचे. आई पांढऱ्या साडीत दुसऱ्या रांगेत ताठ बसली होती. तिच्या पाठीकडं बघूनच मला कळत होतं की तिचे कान टवकारलेले आहेत. पत्रिकेवरचे विषय संपले. चहाचे कप येऊ लागले. तेवढ्यात सूनबाई म्हणाल्या, ऐनवेळचे विषय. कपांच्या किणकिणाटात त्यांनी एक वाचला. खुली जागा, शैक्षणिक प्रयोजन, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा.

आईचा हात वर गेला.

असा सरळ, कोपरात न वाकलेला. बांगड्या घसरून कोपरापाशी आल्या. ती काही बोलली नाही. ती वाट बघत होती. आता सगळे थांबतील, तिच्याकडं वळतील, मग ती बोलेल. जन्मभर तिनं हेच पाहिलं होतं. सूनबाईंनी तो हात पाहिला, हे मी शपथेवर सांगते. त्यांची नजर त्या हातावर आली, तिथून दाराकडं गेली आणि तिथून खाली कागदावर. "मंजूर," कुणी तरी म्हणालं. "मंजूर, मंजूर," बाकं वाजली. सूनबाईंनी पुढचा विषय वाचायला घेतला. आईचा हात तसाच वर.

मला बसवेना. मी उभी राहिले आणि ओरडले, "आई, बोल ना वं! तोंडानं बोल!" सगळ्या माना मागं वळल्या. आईच्या हातासाठी जे थांबले नव्हते ते माझ्या ओरडण्यासाठी थांबले. शिपाई धावत आला, "ताई, बघ्यांना बोलता येत नाही, बाहेर चला." आईनंही वळून पाहिलं. तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ती घाबरली नव्हती, चिडली नव्हती. तिला कळतच नव्हतं. हात तर वर होता, मग बोलायचं कशाला? शेजारच्या सदस्यानं चहाचा कप तिच्यापुढं सरकवला आणि हसून म्हणाला, "झालं ना ते ताई, मागंच झालं. हात दुखंन."

आईनं मग आवाजही चढवला म्हणे, मी तेव्हा बाहेर जिन्यावर होते. पण तोवर सभा आटोपून राष्ट्रगीताला सगळे उभे राहिले होते, आणि राष्ट्रगीतात आईसारखी बाई बोलत नाही.

इतिवृत्तात आलं, सर्वानुमते मंजूर. आई मुख्याधिकाऱ्यांकडं गेली. ते भल्या माणसासारखे म्हणाले, "मॅडम, विरोध आहे असं बोलायचं असतं, मतदान मागायचं असतं. नुसत्या हाताची नोंद कशी घेणार?" ती भाऊंकडं गेली. मी सोबत होते. भाऊंनी तिला सोफ्यावर बसवलं, पंखा तिच्याकडं वळवला, काजू पुढं केले. "ताई, तुम्ही घरच्या. तुमच्या वस्तीतल्या लेकरांना आपल्या शाळेत सवलत देऊ. पोरी पळतील कुठंही, रस्ते काय कमी आहेत?" एकही वाकडा शब्द नाही. तिथून बाहेर पडल्यावर आई फाटकाशी उभी राहिली आणि म्हणाली, "त्यानं मले शिवी दिली असती तं बरं झालं असतं." मला शिव्या येत होत्या. मी सगळ्या तिथंच दिल्या, फाटकाला. चौकीदार बघत राहिला.

पण हे सगळं मी सहन केलं असतं. राजकारण म्हटल्यावर एवढं गृहीत धरलेलं असतं. जे सहन झालं नाही ते विहारात झालं.

आई बैठकीत उभी राहिली आणि जसं घडलं तसं तिनं सांगितलं. माझा हात वर होता आणि तरी ठराव झाला. सतरंजीवरची माणसं एकमेकांकडं बघू लागली. मग समोरच्या मावशीनं हात वर केला. "असं कसं होईल वं?" ती म्हणाली. "हात वर असल्यावर ठराव होतच नाई. होऊच शकत नाई."

"झाला. म्या पाह्यलं ना," आई म्हणाली.

"मंग तुहा हात वर नसंन."

मावशीच्या बोलण्यात कपट नव्हतं. तिला खरंच वाटत होतं तसं. जी बाई नगरपंचायतीच्या दारात कधी गेली नाही, जिनं आयुष्यभर हात वर गेल्यावर मोठमोठे बाप्ये गप्प बसलेले पाहिले, तिला वर धरलेल्या हातासमोर ठराव होतो हे समजणार कसं? सूर्य पश्चिमेला उगवला म्हणून कुणी सांगावं आणि आपण मानावं, तसलं ते. मी उठून म्हणाले, मी होते तिथं, मी डोळ्यांनी पाहिलं. मागून कुणी तरी म्हणालं, "पोरगी मायचंच बोलणार." इतिवृत्ताची प्रत हातोहात फिरत होती. त्यात सर्वानुमते असं छापलेलं होतं, आणि छापलेलं खोटं असतं हे आमच्या माणसांना शिकवलंच नव्हतं. आम्हाला तर अक्षरावर विश्वास ठेवायला शिकवलं.

आईनं एकदा मावशीकडं पाहिलं. मावशीनं मान वळवली. इतक्या वर्षांची मैत्री, एकीच्या घरातलं मीठ संपलं की दुसरीच्या डब्यात हात जायचा, आणि ती त्या क्षणाला माझ्यासमोर संपली. मला अजूनही वाटतं, भाऊंनी मैदान नेलं ते एक वेळ परत येईल. हे जे नेलं ते नाही येणार.

मैदानाला तारांचं कुंपण पडलं, मग भिंत झाली. पिवळ्या बसेस रांगेनं उभ्या राहू लागल्या. मावशीची पोरगी काही दिवस हिंगण्याच्या रस्त्याच्या कडेनं पळाली. पहाटेच्या कंपनीच्या बसेस आणि पाळीवरून परतणाऱ्या मोटारसायकली, त्यांच्यामधून. एकदा एका मोटारसायकलचा धक्का लागून पडली, पायाला मुरगळ आली, फार काही नाही. पण मावशीनं तिचं पळणं बंद केलं. पोरगी आता एमआयडीसीत पॅकिंगला जाते. समोरून गेली तरी आईला नमस्कार करत नाही. चांगली पोरगी आहे, स्वतःच्या आईच्या शब्दाबाहेर नाही.

आईची मुदत संपली तोवर लोकांनी तिला मॅडम म्हणायला सुरुवात केली होती. दाखल्यावर सही हवी की दारात उभे राहत, सही झाली की जात. घरात येऊन बसणं, भाजी काय केली विचारणं थांबलं. मुदतीनंतर ते मॅडम म्हणणंही थांबलं. मधली कित्येक वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत, प्रशासक बसले होते. वस्तीतले दिवे गेले तर आता कुणाला सांगायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मला वाटायचं, निदान आता तरी आईला कुणी दोष देणार नाही. बाबांनी चेष्टा करणं सोडलं. ते निवृत्त होऊन घरी बसले आणि आईबरोबर डबे भरू लागले.

आई मात्र बैठकीला जायची थांबली नाही. दाराजवळच बसायची. पण त्या सभेनंतर तिनं विहारात हात वर केला नाही, एकदाही नाही. "थांबा गा, तिकडं हात आहे," हेही म्हणणं सोडलं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "माह्या सांगण्यानं आता कोणी थांबंन का?"

यंदा निवडणूक पुन्हा लागली. वॉर्ड खुला झाला. भाऊंच्या पुतण्याचं माप त्यात अगदी नेमकं बसलं. त्यांनी वस्तीचा पाठिंबा मागितला, विहाराला नवा पत्रा टाकून देऊ म्हणाले, आणि रविवारी सकाळी वंदनेनंतर बैठक बसली. मी आईच्या शेजारी होते. आता बैठक तरुण पोरं चालवतात, त्यांच्याकडं माईक आहे. माईकवाल्यानं सांगितलं, सगळी वस्ती भाऊंच्या मागं उभी राहील, एकमतानं. सगळ्यांनी वर पाहिलं. पत्रा खरोखरच गळत होता.

माझ्या शेजारी काही तरी हललं. आईचा हात वर गेला.

एवढ्या वर्षांनी. बांगड्या एकमेकींवर हलक्या वाजत होत्या, कोपर तेच, सरळ. ती काही बोलली नाही. वाट बघत होती. माईकवाल्याची नजर तिच्यावरून गेली. समोरच्या रांगेत मावशी बसली होती, तिनं वळून पाहिलं, तो हात पाहिला, आणि पुन्हा पुढं तोंड केलं. माईकवाला म्हणाला, "मंजूर ना मंग?" आणि सतरंजीवरून, आमच्या सतरंजीवरून, आमच्याच माणसांनी म्हटलं, "मंजूर, मंजूर."

हात वर होता आणि ठरलं. आजोबांच्या विहारात ठरलं. आता तरी मावशीला कळलं असेल की असं होऊ शकतं. मी उठायला गेले, माझ्या तोंडात वाक्य आलं होतं, थांबा, तिकडं हात आहे. आईनं दुसऱ्या हातानं माझा पदर धरला आणि मान हलवली. मग वरचा हात तिनं हळूहळू खाली आणला. आणता आणता डोक्यावरचा पदर सारखा केला, जणू त्यासाठीच तो वर गेला होता.

घरी येताना आम्ही भिंतीच्या कडेनं चाललो. पलीकडं बसेस धुणं चाललं होतं, पाण्याचा आवाज येत होता. माझ्या डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं आणि रागही मावत नव्हता. मी म्हटलं, "त्या माणसाच्या विरोधातच बोलणार होतीस ना तू?"

"नाई वं," आई म्हणाली. "द्या म्हणत होती त्याले मत. देणारच आहेत सारे. फक्त पत्र्याच्या आधी पोरींसाठी पळायले जागा मागा, येवढंच म्हणायचं होतं मले."